रोजचा ताण आणि शरीराचा हिशेब

पहाटे साडेपाचला गजर होतो. शेगडीच्या एका बाजूला चहा उकळत असतो, दुसऱ्या बाजूला डब्याची भाजी. मुलांची शाळेची बस सात वाजून दहा मिनिटांनी कोपऱ्यावर येते आणि कुणासाठी थांबत नाही. बदलापूर, कल्याण किंवा विरारच्या फलाटावर पोहोचावे, तर नेहमीची गाडी आज दुसऱ्या फलाटावर येत असल्याची घोषणा कानी पडते आणि शेकडो माणसे एकाच वेळी जिन्याकडे धावत सुटतात. गाडी मिळते, पण छातीतली धडधड बराच वेळ टिकते आणि ती ओसरते न ओसरते तोच खिशातला मोबाइल वाजतो. महानगरातील लाखो नोकरदारांचा दिवस असाच सुरू होतो. यात आपत्ती म्हणावी असे काहीच नसते, म्हणून या धावपळीचा हिशेब कुणी मांडत नाही. शरीर मात्र तो ठेवत असते.

मोठ्या दुःखाची दखल सारेच घेतात. घरात कुणी गेले, नोकरी सुटली, गंभीर आजार झाला, की नातेवाईक येतात, शेजारी डबा पाठवतात, कार्यालयही चार दिवस सांभाळून घेते. रोजच्या बारीकसारीक ताणाला असा कुठलाच दिलासा नसतो. त्याची किंमत मात्र कमी नसते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पुढाकाराने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह होता, आणखी १३ कोटी ६० लाख लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर होते आणि प्रौढांपैकी सुमारे ३५ टक्क्यांचा रक्तदाब वाढलेला होता. हे सारे ताणामुळे झाले, असे कोणताही जबाबदार डॉक्टर म्हणणार नाही. आहार, आनुवंशिकता, बैठे काम, तंबाखू अशी अनेक कारणे त्यामागे आहेत. परंतु ताण या प्रत्येक कारणाला खतपाणी घालतो, हेही तितकेच खरे आहे.

हृदयविकाराच्या बाबतीत तर याला भक्कम आधार आहे. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या 'इंटरहार्ट' या ५२ देशांतील अभ्यासात हृदयविकाराच्या पहिल्या झटक्याशी निगडित असे नऊ घटक पुढे आले. धूम्रपान, रक्तातील चरबी, रक्तदाब, मधुमेह यांच्या पंक्तीला मानसिक व सामाजिक ताण हाही एक घटक होता. याच अभ्यासातील दक्षिण आशियाई रुग्णांचा वेगळा विचार २००७ साली मांडला गेला, तेव्हा त्यांना पहिला झटका सरासरी ५३व्या वर्षी, म्हणजे इतर देशांतील रुग्णांपेक्षा पाच ते सहा वर्षे आधी आल्याचे दिसले. मुलांची शिक्षणे आणि घराचे हप्ते चालू असतानाचे हे वय आहे.

एका शब्दाचा प्रवास

'ताण' हा शब्द मुळात पदार्थविज्ञानाचा. तार ताणली की तिच्यावर ताण येतो. मर्यादेत असेपर्यंत सोडल्यावर ती पूर्ववत होते, मर्यादा ओलांडली की होत नाही. वैद्यकात ही कल्पना रुजवण्याचे श्रेय हान्स सेल्ये या शास्त्रज्ञाला दिले जाते. १९०७ साली व्हिएन्ना येथे जन्मलेले सेल्ये कॅनडातील माँट्रियल येथे उंदरांवर प्रयोग करीत होते. एका नव्या संप्रेरकाच्या शोधात त्यांनी उंदरांना बीजांडकोशाचा अर्क टोचला. उंदरांच्या अधिवृक्क ग्रंथी फुगल्या, रोगप्रतिकारक पेशींचे कोठार असलेली थायमस ग्रंथी आक्रसली आणि जठरात व्रण पडले. संप्रेरक सापडले, असे त्यांना वाटले. पण पुढे फॉर्मालिन टोचले तरी तेच झाले, कडाक्याच्या थंडीत ठेवले तरी तेच आणि दमेपर्यंत पळवले तरीही तेच! शोधलेले हाती लागले नाही. परंतु संकट कोणतेही असो, शरीराचे उत्तर एकाच साच्याचे असते, हे त्यातून उलगडले. १९३६ साली 'नेचर' या नियतकालिकात त्यांनी हे निरीक्षण अगदी थोडक्यात मांडले. धोक्याची सूचना, नेटाचा प्रतिकार आणि अखेर थकवा असे त्या उत्तराचे तीन टप्पे त्यांनी सांगितले.

त्याआधी हार्वर्डचे वॉल्टर कॅनन यांनी भेदरलेल्या मांजराची पचनक्रिया थांबते, हे पाहिले होते आणि 'लढा किंवा पळा' ही प्रतिक्रिया विशद केली होती. सेल्ये यांच्याबाबत एक गोष्ट मात्र सहसा सांगितली जात नाही. त्यांच्या संशोधनाला पुढे सिगारेट उद्योगाचाही पैसा मिळाला होता, हे त्या उद्योगाची कागदपत्रे खुली झाल्यावर उघड झाले. हृदयविकाराचा दोष धुरावरून ताणावर गेला, तर ते या उद्योगाला हवेच होते. ताणाविषयीचा प्रत्येक दावा पारखून घ्यावा, याला एवढे कारण पुरेसे आहे.

पारखून घेण्याचे दुसरे उदाहरण जठरव्रणाचे. काळजी आणि तिखट खाणे यामुळे अल्सर होतो, हे कित्येक दशके घरोघरी आणि दवाखान्यांतही गृहीत धरले जाई. ऑस्ट्रेलियातील बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरेन यांनी बहुतेक व्रणांमागे 'हेलिकोबॅक्टर पायलोरी' हा जिवाणू असल्याचे दाखवले. कुणी विश्वास ठेवीना, तेव्हा १९८४ साली मार्शल यांनी या जिवाणूंचे मिश्रण स्वतः पिऊन जठरदाह ओढवून घेतला. २००५ साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. रुग्णाला 'तुम्ही फार विचार करता' असे सांगून परत पाठवणे किती अपुरे असू शकते, याचा हा धडा आजही लागू आहे.

शरीरात नेमके काय घडते

धोका जाणवताच मेंदूतील हायपोथॅलॅमस हा भाग दोन मार्गांनी आदेश देतो. पहिला मार्ग मज्जातंतूंचा. अनुकंपी चेतासंस्था जागी होते आणि मूत्रपिंडांच्या माथ्यावरील अधिवृक्क ग्रंथींमधून काही क्षणांत अ‍ॅड्रेनलिन रक्तात येते. हृदयाचे ठोके वाढतात, रक्तदाब चढतो, बाहुल्या विस्फारतात, तोंड कोरडे पडते. दुसरा मार्ग संथ, रक्तातून जाणाऱ्या संप्रेरकांचा. पिट्युटरी ग्रंथीमार्फत अधिवृक्क ग्रंथींना निरोप पोहोचतो आणि काही मिनिटांत कॉर्टिसॉल वाढू लागते. यकृत साखर रक्तात सोडते आणि पचन, वाढ, प्रजनन अशी तातडीची नसलेली कामे मागे पडतात.

वाघ समोर आला असता तर ही सारी तयारी कामी आली असती. पळताना ती साखर स्नायूंनी वापरली असती आणि जीव वाचताच परानुकंपी चेतासंस्थेने सर्व काही पूर्वपदावर आणले असते. खुर्चीत बसून वरिष्ठांचा खोचक ई-मेल वाचणाऱ्या माणसाच्या शरीरातही हीच तयारी होते, पण पळायचे कुठे? साखर रक्तात फिरत राहते, स्नायू आवळलेले राहतात आणि मान आखडते. शिवाय वाघ नजरेआड झाला की संपतो. ई-मेल मात्र जेवताना आठवतो आणि रात्री दोन वाजताही आठवतो. आठवणीनेही तीच यंत्रणा पुन्हा जागी होते. अमेरिकी जीवशास्त्रज्ञ रॉबर्ट सापोल्स्की यांनी १९९४ साली लिहिलेल्या पुस्तकाचे नावच 'झेब्र्यांना अल्सर का होत नाहीत' अशा अर्थाचे आहे. सिंहाच्या तावडीतून सुटलेला झेब्रा थोड्या वेळाने पुन्हा चरू लागतो, उद्याच्या सिंहाची चिंता तो आज करीत नाही.

कॉर्टिसॉलला शत्रू मानण्याचे मात्र कारण नाही. जाग आल्यानंतर थोड्याच वेळात त्याची पातळी दिवसातील सर्वाधिक असते आणि मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत कमी. याच चढउतारावर माणूस उठतो, कामाला लागतो आणि झोपतो. बिघाड होतो तो हा चढउतार सपाट झाल्यावर, म्हणजे संध्याकाळीही पातळी उतरेनाशी झाल्यावर. त्याचप्रमाणे ताण म्हणजे निव्वळ वाईट, हाही गैरसमज आहे. परीक्षेच्या आदल्या दिवशीची हुरहूर अभ्यासाला बसवते, रंगमंचावर जाण्यापूर्वीची धडधड नटाला सावध ठेवते. ताण शून्य असला तर काम ढिले पडते, अति झाला तर बिघडते. मधल्या पट्ट्यात ते उत्तम होते.

दीर्घ ताण प्रतिकारशक्तीला कसा पोखरतो, याचे दोन प्रयोग लक्षात ठेवण्याजोगे आहेत. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी स्वयंसेवकांच्या नाकात सर्दीचे विषाणू सोडण्यात आले. ज्यांच्या आयुष्यात ताण अधिक होता, त्यांना सर्दी होण्याचे प्रमाणही अधिक निघाले. १९९५ सालच्या दुसऱ्या अभ्यासात स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांची घरी शुश्रूषा करणाऱ्या स्त्रियांच्या हातावर एक लहानशी जखम मुद्दाम करून ती किती दिवसांत भरते, हे पाहिले गेले. तशीच जखम भरायला इतर स्त्रियांना लागले त्यापेक्षा त्यांना सरासरी नऊ दिवस अधिक लागले. अंथरुणाला खिळलेल्या सासू-सासऱ्यांचे किंवा आईवडिलांचे वर्षानुवर्षे करणाऱ्या घराघरांतील स्त्रियांना या निष्कर्षाचे फारसे नवल वाटणार नाही.

ताण कुणाला अधिक?

मोठ्या पदावरच्या साहेबाला ताण अधिक आणि शिपाई सुखी, अशी एक सर्वमान्य समजूत आहे. ब्रिटनमधील सरकारी कर्मचाऱ्यांच्या 'व्हाइटहॉल' अभ्यासाने ती उलटी ठरवली. १९६७ साली सुरू झालेल्या या अभ्यासात सुमारे १८ हजार पुरुष कर्मचाऱ्यांचा समावेश होता. हुद्दा जसजसा खाली, तसतसे हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण वर, असे त्यात आढळले. आणि धूम्रपान, रक्तदाब इत्यादींचा फरक वजा करूनही ही उतरंड पुरती पुसली गेली नाही. १९८५ साली सुरू झालेल्या दुसऱ्या टप्प्यात आणखी एक बाब पुढे आली. कामाचा भार किती, याइतकेच त्या कामावर आपले नियंत्रण किती, हेही महत्त्वाचे असते. मागणी भरपूर आणि निर्णयाचा अधिकार शून्य ही जोडी सर्वांत घातक.

फलाटावर उभ्या असलेल्या प्रवाशाची अवस्था याहून वेगळी नसते. गाडी वीस मिनिटे उशिराने येणार, हे नक्की कळले तर तो वर्तमानपत्र उघडतो. कधी येणार हे ठाऊक नसले की दर मिनिटाला वाकून रुळांकडे पाहतो. अनिश्चितता हाच निम्मा ताण.

घरातही हे सूत्र लागू पडते. केंद्र सरकारच्या २०१९च्या वेळ वापर सर्वेक्षणानुसार, घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे खर्च करीत होत्या; घरकामाला हात लावणारे पुरुष ९७ मिनिटे. कार्यालयातून परतल्यावर दुसरी पाळी सुरू होणाऱ्या स्त्रीला 'रोज अर्धा तास ध्यान करा' हा सल्ला देणे सोपे आहे. तो अर्धा तास कुठून येणार, हे तिच्या घरातील इतरांनी ठरवायचे असते. कुकर लावणे, पोळ्यांची कणीक भिजवणे, मुलांचा अभ्यास घेणे यांपैकी एक काम जरी कायमचे दुसऱ्याच्या अंगावर गेले, तरी ते कोणत्याही गोळीपेक्षा गुणकारी ठरू शकते. 'मदत करतो' असे म्हणण्यात काम मूळचे तिचेच, हे गृहीत असते, एवढे फक्त ध्यानात घ्यावे.

झोप: पहिला इलाज

ताण कमी करण्याच्या उपायांची यादी बहुधा व्यायामापासून सुरू होते. ती झोपेपासून सुरू व्हायला हवी. शिकागो येथे झालेल्या आणि १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ११ निरोगी तरुणांना सहा रात्री केवळ चार-चार तास झोपू देण्यात आले. तेवढ्यात त्यांच्या शरीराची साखर हाताळण्याची क्षमता घटली आणि संध्याकाळचे कॉर्टिसॉल वाढले. म्हणजे ताणाने झोप उडते आणि झोप उडाल्याने ताणाचे रसायन वाढते, असे हे चक्र आहे. प्रौढ माणसाला सात तास किंवा त्याहून थोडी अधिक झोप आवश्यक असते. 'मला पाच तास पुरतात' असे म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकांची सवय झालेली असते, गरज भागलेली नसते. लोकलमध्ये बसायला जागा मिळताच ज्यांची मान कलते, त्यांनी हे पडताळून पाहावे.

झोपेची वेळ पाळणे शहरात अनेकदा हाताबाहेर असते. उठण्याची वेळ मात्र ठरावीक ठेवता येते आणि शरीरातील घड्याळ लावण्यास तीच अधिक उपयोगी पडते. रविवारी दुपारी अकरापर्यंत लोळल्यास सोमवारचे उठणे जिवावर येते, ते आळसाने नव्हे, तर घड्याळ मागे सरकल्यामुळे. या जैविक घड्याळामागील जनुकांच्या संशोधनाला २०१७ साली वैद्यकाचे नोबेल मिळाले. सकाळी डोळ्यांवर पडणारा सूर्यप्रकाश त्याला चावी देतो. म्हणून सकाळचा चहा खिडकीत किंवा गच्चीवर घेतलेला बरा. रात्री उशिरापर्यंत डोळ्यांसमोर धरलेला मोबाइल नेमके उलटे काम करतो. त्याच्या प्रकाशाइतकाच त्यातील मजकूरही त्याला जबाबदार आहे. कार्यालयाच्या व्हॉट्सअ‍ॅप समूहावर अकरा वाजता आलेला निरोप वाचून शांत झोप लागेल, अशी अपेक्षा ठेवणेच चूक. मोबाइल चार्जिंगला स्वयंपाकघरात लावावा आणि गजरासाठी साधे घड्याळ घ्यावे, हा जुनाट वाटणारा उपाय बहुतेकांना लागू पडतो.

चहा-कॉफीतील कॅफिन रक्तातून निम्मे होण्यास साधारण पाच तास लागतात. त्यामुळे संध्याकाळी सहाच्या चहातील बरेचसे कॅफिन रात्री अकरालाही शरीरात असते. दुपारी चारनंतर चहा नको, हे महाराष्ट्रात सांगणे धाडसाचे आहे; निदान कप अर्धा करावा. अंथरुणावर पडून वीसेक मिनिटांत झोप लागली नाही, तर कूस बदलत न राहता उठावे, मंद दिव्यात काही कंटाळवाणे वाचावे आणि डोळे जड झाल्यावरच परत जावे. अंथरुण म्हणजे जागरणाची जागा, अशी मनाची गाठ बसता कामा नये. निद्रानाशावरील मानसोपचारात हीच गाठ सोडवली जाते आणि दीर्घकाळच्या निद्रानाशासाठी गोळ्यांच्या आधी हे उपचार सुचवले जातात.

चालणे, श्वास आणि माणसे

१९५३ साली जेरी मॉरिस या ब्रिटिश डॉक्टरांनी लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील कर्मचाऱ्यांची तुलना प्रसिद्ध केली. ड्रायव्हर दिवसभर बसून, कंडक्टर दिवसभर जिना चढत-उतरत. दोघांचा पगार, वस्ती, राहणी जवळपास सारखी. पण हृदयविकाराचे प्रमाण कंडक्टरांमध्ये बरेच कमी निघाले. व्यायामाच्या शास्त्राचा पाया या साध्या निरीक्षणात आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या मार्गदर्शक सूत्रांनुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायूंना बळकटी देणारा व्यायाम करावा. मध्यम श्रम म्हणजे चालताना बोलता येईल, पण गाणे म्हणता येणार नाही इतका वेग. शिवाजी पार्क किंवा सारसबागेच्या फेऱ्या उत्तमच. ते शक्य नसल्यास स्थानकापर्यंत रिक्षाऐवजी पायी जाणे, जिना वापरणे यांचीही बेरीज होते. ताणाने रक्तात आणलेली साखर जाळण्याचा निसर्गाने नेमून दिलेला मार्ग हाच, स्नायू वापरणे.

श्वासाविषयी महाराष्ट्राला विशेष अभिमान वाटावा. योगाकडे प्रयोगशाळेच्या नजरेने पाहण्याची सुरुवात स्वामी कुवलयानंद यांनी लोणावळ्याच्या कैवल्यधाम संस्थेत केली, ती १९२४ साली. पुढे १९७५ मध्ये हार्वर्डच्या हर्बर्ट बेन्सन यांनी ध्यानाने 'लढा किंवा पळा'च्या नेमकी उलट प्रतिक्रिया शरीरात निर्माण होते, असे मांडले. २००१ साली इटलीतील संशोधकांना ख्रिस्ती जपमाळ ओढताना आणि बौद्ध मंत्र म्हणताना श्वासाची गती मिनिटाला सुमारे सहा होते आणि त्या गतीला हृदयाचे ठोके व रक्तदाब यांचे नियमन सुधारते, असे आढळले. धर्म कोणताही असो, लय तीच! श्वास सोडताना हृदय किंचित मंदावते. म्हणून श्वास घेण्यापेक्षा सोडण्याला अधिक वेळ द्यावा. चार मोजत घ्यावा, सहा मोजत सोडावा, पाच मिनिटे. गर्दीच्या डब्यात उभ्यानेही हे जमते आणि शेजाऱ्याला कळतही नाही. दम्याच्या, हृदयविकाराच्या रुग्णांनी आणि गर्भवतींनी श्वास रोखून धरण्याचे प्रकार डॉक्टरांच्या सल्ल्याविना करू नयेत.

तिसरा आधार माणसांचा. लोकलमधील भजनी मंडळे, महिलांच्या डब्यात भाजी निवडता निवडता चालणाऱ्या गप्पा, हळदीकुंकवाचे निमित्त, नाक्यावरचा कट्टा हे ताण हलका करण्याचे शहराने स्वतःच शोधलेले मार्ग आहेत. ज्यांना बोलणे अवघड जाते, त्यांना लिहिणे जमते. मनातला सल काही दिवस रोज पंधरावीस मिनिटे कागदावर उतरवणाऱ्यांना त्याचा लाभ होतो, हे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी १९८०च्या दशकात सुरू केलेल्या प्रयोगांतून दिसले आहे. परिणाम माफक आहे, पण खर्चही एका वहीचाच.

खोटे मित्र

तंबाखूने डोके शांत होते, हा अनुभव खरा असतो आणि निष्कर्ष खोटा. मागील सिगारेटमधील किंवा चिमटीतील निकोटिन उतरू लागले, की अस्वस्थता येते. पुढची सिगारेट ती अस्वस्थता शमवते. म्हणजे जी आग तंबाखू विझवतो, ती त्यानेच लावलेली असते. तंबाखू सोडणाऱ्यांचे पहिले काही आठवडे कठीण जातात, परंतु नंतर त्यांची चिंता आधीपेक्षा कमी झालेली आढळते. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ साली बंदी आली, तरी मिश्री आणि मळलेला तंबाखू घरोघरी आहेच. मद्याचेही तसेच. दोन पेगांनी डोळा लागतो, पण उत्तररात्री झोप तुटते आणि जी लागते तीही उथळ. व्यसन हाताबाहेर गेले असल्यास निर्धाराच्या शपथा घेण्यात वेळ घालवू नये. पुण्यात डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेल्या 'मुक्तांगण'सारख्या केंद्रांत त्यावर रीतसर उपचार होतात.

आहाराबाबत थोडक्यात एवढेच. ताणाखाली माणूस गोड आणि तळलेले शोधतो. त्यामुळे वडापाव हातात येण्यापूर्वी डब्यात फुटाणे, शेंगदाणे किंवा एखादे फळ असावे. मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या, म्हणजे साधारण एका चहाच्या चमच्याच्या आत राहावे. लोणचे, पापड आणि फरसाण यांतील मीठही त्यात धरावे. रात्रीचे जेवण झोपेच्या दोन-तीन तास आधी झाल्यास आम्लपित्ताची निम्मी तक्रार मिटते.

सवय लागायला किती दिवस?

एकवीस दिवसांत सवय लागते, असे व्याख्यानांतून सर्रास सांगितले जाते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी ९६ जणांचा अभ्यास केला, तेव्हा एखादी नवी कृती अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागत असल्याचे दिसले. कुणाला १८ दिवस पुरले, तर कुणाच्या बाबतीत अंदाज २५४ दिवसांपर्यंत गेला. बाविसाव्या दिवशी हार मानणाऱ्यांची चूक त्यांच्या इच्छाशक्तीत नव्हे, तर त्या आकड्यात आहे. एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडत नाही, हाही त्याच अभ्यासाचा निष्कर्ष. नवी सवय जुन्या सवयीला बांधली की लवकर टिकते. दात घासल्यावर पाच मिनिटे श्वास, जेवणानंतर दहा मिनिटे शतपावली. एका वेळी एकच गोष्ट धरावी. एक जानेवारीला आहार, व्यायाम, ध्यान आणि पहाटे उठणे हे सारे एकदम आरंभणाऱ्यांचे संक्रांतीपर्यंत काय होते, हे कोणत्याही व्यायामशाळेच्या मालकाला विचारावे.

डॉक्टरकडे केव्हा जावे

सवयींनी न सुटणारे बरेच काही असते. उदासी, चिडचिड, झोप न लागणे किंवा कशातच रस न वाटणे हे दोन आठवड्यांहून अधिक काळ टिकले आणि रोजच्या कामात अडथळा येऊ लागला, तर तो स्वभाव नव्हे, आजार असू शकतो. थकवा आणि धडधड यांच्या मागे थायरॉइडचा विकार किंवा रक्तक्षयही असतो. साध्या रक्ततपासणीत तो कळतो आणि औषधाने आवरता येतो. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा तरी रक्तदाब मोजून घ्यावा. मोजण्यापूर्वी पाच मिनिटे स्वस्थ बसावे, अर्धा तास आधीपासून चहा व तंबाखू टाळावा, पाठ टेकलेली आणि हात हृदयाच्या पातळीवर असावा. जिना चढून धापा टाकत घेतलेल्या आकड्याला अर्थ नसतो.

छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, दरदरून घाम, श्वास अपुरा पडणे ही लक्षणे मात्र ताण किंवा 'गॅस' म्हणून कधीही घरी बसून सोसू नयेत. अशा वेळी सोडा पिऊन वाट पाहण्यात जाणारा एकेक तास हृदयाचा स्नायू गमावण्यात जातो. स्त्रियांमध्ये आणि मधुमेहींमध्ये ही लक्षणे अस्पष्ट असू शकतात. नुसती मळमळ आणि विलक्षण थकवा एवढेच जाणवते. दुखण्याचे कारण ताण आहे की हृदय, हे ठरवण्याचे काम घरच्यांचे नसून ईसीजीचे आहे. रुग्णालयाच्या रुग्णवाहिकेची वाट फार पाहावी लागणार असेल, तर महाराष्ट्रात १०८ हा क्रमांक उपलब्ध आहे. रुग्णाने स्वतः गाडी चालवत जाऊ नये.

मनाच्या तक्रारींसाठी मदत मागण्याचा संकोच शहरातही सरलेला नाही. वास्तविक मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार मानसिक आजारांच्या उपचारांना इतर आजारांप्रमाणेच विमा संरक्षण देणे विमा कंपन्यांना बंधनकारक आहे. पॉलिसीतील ही तरतूद पाहून ठेवावी. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली स्थापन केलेल्या 'आयपीएच'सारख्या संस्था समुपदेशनाचे काम करीत आल्या आहेत. महापालिका व शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मानसोपचाराचे बाह्यरुग्ण विभाग असून तेथील शुल्क नाममात्र असते. आणि रात्रीबेरात्री जीव नकोसा झाला, कुणाशी तरी तत्काळ बोलावेसे वाटले, तर केंद्र सरकारची २०२२ साली सुरू झालेली 'टेलि-मानस' ही निःशुल्क सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मिळते. तेथे मराठीतही बोलता येते.